टोरिक आयसीएल बसवल्यानंतरची वर्षे

चष्म्याचा नंबर उणे बारा आणि त्याला जोडून अडीचचा सिलिंडर (ठरावीक दिशेतला तिरका नंबर) असेल, तर लेसर शस्त्रक्रिया सहसा सुचवली जात नाही; एवढा नंबर घालवायचा तर पारपटलाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा) बराच भाग कोरावा लागतो आणि उरलेले पारपटल कमकुवत होण्याची भीती असते. अशा डोळ्यात नैसर्गिक भिंग जागेवर ठेवून, त्याच्या पुढे आणि बुबुळाच्या मागे, कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाचे भिंग, म्हणजेच आयसीएल, सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून गुंडाळून आत सरकवतात. सिलिंडरचा नंबरही घालवणाऱ्या भिंगाला टोरिक म्हणतात. अमेरिकेत त्याला २०१८ साली मान्यता मिळाली.

टोरिक भिंगाची खरी परीक्षा अक्षाची, म्हणजे ते ज्या दिशेत बसवायचे त्या कोनाची, असते. नियोजित अक्षापासून ते १० अंश फिरले, तर सिलिंडरची सुमारे एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते. ३० अंश फिरले तर सगळीच, आणि त्यापुढे दोष उलट वाढतो. बाहुली औषधाने मोठी करून स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की भिंगावरच्या खुणांवरून ते किती कलले आहे हे डॉक्टरांना दिसते. भिंग डोळ्याच्या मापाला तोकडे पडले असेल, तर पुन्हा सरळ करूनही ते फिरू शकते. तेव्हा ते बदलून मोठ्या मापाचे बसवावे लागते.

मापाचा दुसरा परिणाम हळूहळू कळतो. नव्या आणि नैसर्गिक भिंगांमधले अंतर साधारण पाव ते पाऊण मिलिमीटर असावे. ते फार कमी असल्यास मोतीबिंदूचा धोका वाढतो, फार जास्त असल्यास बुबुळ पुढे ढकलले जाऊन डोळ्यातला दाब चढू शकतो. शिवाय नैसर्गिक भिंग वयाबरोबर जाड होत जाते, त्यामुळे आज पुरेसे वाटणारे अंतर दहा वर्षांनी तेवढेच असेल असे गृहीत धरता येत नाही. नंतरच्या काळात आलेल्या भिंगांच्या मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचे छिद्र ठेवल्यामुळे आतला द्रव वाहता राहतो आणि बुबुळाला लेसरने आधी भोके पाडण्याची गरज उरली नाही. माझ्या मते या तंत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

काही वर्षांनी थोडा उणे नंबर परत आला, तर दोष बहुधा भिंगाचा नसतो. तीव्र निकटदृष्टितेचा डोळा प्रौढपणीही किंचित लांबत राहू शकतो, आणि पारपटलाच्या जास्त वक्रतेची दिशाही वयाबरोबर उभ्याकडून आडव्याकडे सरकते. दृष्टिपटल (डोळ्याच्या मागचा पडदा) सुटण्याचा मूळचा धोकाही चष्म्याबरोबर जात नाही, म्हणून पडद्याची तपासणी चुकवू नये. पारपटलाच्या आतल्या थरातील पेशी पुन्हा निर्माण होत नसल्याने त्यांची मोजणीही ठरावीक काळाने करतात. चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागतोच; पुढे मोतीबिंदू झाला, तर आधी हे भिंग काढून त्याच बैठकीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते.