सोलापूरच्या डाळिंबबागेत मेलिफेरा: पार्श्वभूमी

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे डाळिंबाचा बहार, म्हणजे फुलांचा हंगाम, धरला की हल्ली मेलिफेरा या युरोपीय मधमाशीच्या पेट्यांची चौकशी सुरू होते. ही माशी मूळची इथली नाही.

आपल्या माळरानाच्या जुन्या माश्या दोन. बाभळीच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं बांधणारी फुलोरी, आणि वडा-पिंपळाला, पाण्याच्या टाकीला लटकणारी आग्या. दोघीही उघड्यावर राहणाऱ्या, त्या पेटीत नांदत नाहीत. पेटीत राहणारी देशी माशी म्हणजे सातेरी. महाबळेश्वरच्या डोंगरात मधपाळांचा धंदा तिच्यावरच उभा राहिला. पण फुलोरा आटला किंवा ऊन चढलं की ती पेटी सोडून निघून जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात तिचा निभाव लागणं अवघडच.

युरोपातली मेलिफेरा, त्यातही इटालियन जात, भारतात आणण्याचे आधीचे प्रयत्न फसले होते. ती रुजली 1962 पासून, आताच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवाँ इथे, कीटकशास्त्रज्ञ डॉ. अटवाल यांच्या प्रयत्नांतून. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली. मेलिफेराची राणी अंडी भरपूर घालते, वसाहत सहसा पळून जात नाही आणि मधही सातेरीच्या कितीतरी पट मिळतो. 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. त्यानंतर तिकडचे मधपाळही मेलिफेराकडे वळले.

सोलापुरात मात्र तिला मान मिळाला तो मधापेक्षा परागीभवनामुळे. डाळिंबाच्या झाडावर दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी फुगीर असतं ते फळ धरतं, निमुळतं असतं ते नर फूल गळून जातं. सकाळी बागेत उभं राहून पाहा: माशी पुंकेसरांच्या दाटीत शिरते, पिवळ्या परागाने माखून बाहेर येते आणि तशीच पुढच्या फुलात घुसते. या फेऱ्या वाढल्या की सेटिंग, म्हणजे फळधारणा, सुधारतं. 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आलं, 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. फळाचा दर्जा आणि भाव यांना जसजसं महत्त्व येत गेलं, तसतशी पेटीही बहाराच्या खर्चात धरली जाऊ लागली.

अडचण आहे ती पेट्या मिळण्याची. मेलिफेराचे मोठे मधपाळ उत्तरेत आहेत आणि हिवाळ्यात त्यांच्या पेट्या मोहरीत असतात. आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरच्या हंगामाची, फुलं नेमकी त्याच्या आगेमागे सुरू होतात. पेट्या विकत घेऊन ठेवाव्यात, तर बहारानंतर माश्यांनी खायचं काय? पूर्वी करडई होती, पुढे सूर्यफूलही आलं. आता दोन्हींचं क्षेत्र घटलंय आणि उसातून माशीला काही मिळत नाही. मग साखरेचा पाक पाजायचा, ओल्या पोत्यांची सावली करायची, मेणकिडा आणि माश्यांवर जगणारा वरोआ माइट हा परजीवी सांभाळायचा. एवढं एकट्या बागायतदाराला झेपत नाही, म्हणून तो पेट्या भाड्याने आणतो. माझ्या मते मेलिफेरा इथे लोकप्रिय झाली खरी, पण रहिवासी झालेली नाही. करडई, बोर आणि शेवग्याचा फुलोरा एकामागून एक मिळत राहिला, तरच पेट्या वर्षभर जिल्ह्यात टिकतील. आणि भर फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारलं, तर भाड्याची पेटीसुद्धा बहार संपायच्या आत रिकामी होते.