भक्षक पेशीतच बिऱ्हाड

साल्मोनेलाला मारायला शरीर ज्या पेशी धाडतं, त्यांच्याच पोटात हा जिवाणू बिऱ्हाड थाटतो. भक्षक पेशी एरवी जिवाणू गिळते, एका पिशवीत कोंडते आणि पचवून टाकते. साल्मोनेला मात्र पिशवीत बसूनच सूक्ष्म सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिनं पेशीत सोडतो आणि पचनाचा बेत उधळतो. म्हणून नुसत्या प्रतिपिंडांवर, म्हणजे जिवाणूंना चिकटणाऱ्या रक्तातल्या संरक्षक प्रथिनांवर, भागत नाही. बाहेर सापडलेल्या जिवाणूंना ती पकडतात, आत दडलेल्यांपर्यंत पोहोचत नाहीत. तिथे टी पेशी या दुसऱ्या संरक्षक पेशींनी इंटरफेरॉन गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडून भक्षक पेशीला चेतवावं लागतं.

काही प्राणी उपजतच चिवट असतात. उंदरांच्या काही वाणांत एनरॅम्प-1 नावाचं प्रथिन पिशवीतलं लोह आणि मँगनीज बाहेर उपसतं. जिवाणू उपाशी पडतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; याच प्रथिनात 169व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं, की तो वाण थोड्याशा संसर्गानेही दगावतो. एका अमिनो आम्लाचा हा फरक!

आतड्यातली लढाई तर आणखी चमत्कारिक. तिथे दाह होतो तेव्हा संरक्षक पेशींनी सोडलेल्या ऑक्सिजनयुक्त मारक रेणूंमुळे टेट्राथायोनेट हे संयुग तयार होतं. साल्मोनेला ते श्वसनासाठी वापरतो. आतड्यातल्या बहुतेक रहिवासी जिवाणूंना ते जमत नाही. म्हणजे प्रतिकाराचाच फायदा शत्रूला.

अशा वेळी खरा पहारा हे रहिवासी जिवाणूच देतात, असं मला वाटतं. उबवणी यंत्रात जन्मलेल्या पिल्लाला आईचा सहवास नसतो, त्यामुळे त्याच्या आतड्यात मोठ्या कोंबड्यांसारखी जिवाणूंची दाट वस्ती नसते. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला या संशोधकांनी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज अशा पिल्लांना पाजला, तेव्हा साल्मोनेलाला पाय रोवायला जागा मिळेना. 1973मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. किळसवाणा वाटणारा हा उपाय काही दिवसांच्या पिल्लांसाठी तर मोलाचाच, कारण त्यांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा अजून पक्व व्हायची असते.

वाचलेला प्राणी मात्र निर्जंतुक झालाच असं नाही. साल्मोनेला पुलोरम हा कोंबड्यांना ग्रासणारा प्रकार कोंबडीच्या प्लीहेतल्या भक्षक पेशींत महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. कोंबडी अंड्यावर येते तेव्हा तिच्या टी पेशींचा प्रतिसाद मंदावतो. नेमकी तीच वेळ साधून तो अंडाशयात पोहोचतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या अशा वाहक कोंबड्या हुडकण्यासाठीच पैदाशीच्या कळपांची रक्तचाचणी करतात.