११ सप्टेंबर: शोकाचा दिवस आणि सेवेचा दिवस

पुण्यतिथी म्हटली की आपल्याकडे रक्तदान शिबिर, अन्नदान, वह्यावाटप हे ओघानंच येतं. त्यामुळे अमेरिकेत २००१ च्या दहशतवादी हल्ल्याची ११ सप्टेंबर ही तारीख कायद्यानं ‘सेवा आणि स्मरण दिन’ म्हणून पाळली जाते, हे कळल्यावर मराठी वाचकाला फारसं नवल वाटत नाही. नवल वाटतं ते यावरून तिथे झालेल्या भांडणाचं. गेलेल्यांच्या नावानं चार चांगली कामं करायला कोणाची हरकत असेल? पण हरकत होती, तीही काही शोकग्रस्त कुटुंबांची, आणि ती समजून घ्यायची तर या दिवसाची घडण पाहावी लागते.

जुन्या काळात अमेरिकेनं आपल्या दुःखद तारखा बहुतेक वेळा शांतपणेच पाळल्या. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची ७ डिसेंबर ही तारीख तर १९९४ पर्यंत कायद्यात अधिकृत स्मरणदिन म्हणून नोंदलेलीही नव्हती. ओक्लाहोमा सिटीत १९९५ मध्ये सरकारी इमारत उडवण्यात आली, १६८ माणसं गेली. तिथे दर १९ एप्रिलला १६८ सेकंद स्तब्धता पाळतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी सेवेसाठी वापरावी, असा कायदा १९९४ मध्ये झाला, आणि पुढच्या सगळ्या चर्चेत तोच आदर्श म्हणून पुढे केला गेला. मात्र किंग यांचा सेवादिन जानेवारीत, त्यांच्या जन्मदिवसाला धरून येतो. त्यांची हत्या झाली ४ एप्रिलला, आणि ती तारीख कोणी सेवादिन केली नाही. जयंतीला काम करणं आणि घाला पडला त्या तारखेला काम करणं यात मोठं अंतर आहे. २००९ मध्ये ११ सप्टेंबर सेवादिन ठरला, तेव्हा हे अंतर फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

आता २००१ कडे येऊ. हल्ल्याचा घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे. २,९७७ माणसं गेली, त्यांत न्यूयॉर्क अग्निशमन दलाचे ३४३ जवान होते. त्याच दिवशी आणि पुढच्या आठवड्यांत सामान्य माणसांनी काय केलं, ते इथे महत्त्वाचं. दक्षिण मॅनहॅटनमध्ये अडकलेल्या सुमारे पाच लाख लोकांना फेरीबोटी, टग बोटी आणि खासगी नौकांनी काही तासांत पाण्यावाटे बाहेर काढलं. देशभर रक्तपेढ्यांसमोर रांगा लागल्या. त्यातलं फार थोडं रक्त जखमींना लागलं, कारण वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या कोसळलेल्या मनोऱ्यांतून जिवंत बाहेर आलेले जखमीच कमी होते. ढिगाऱ्यावर माणसांच्या साखळ्या करून बादल्यांनी राडारोडा उपसणं सुरू झालं. शेजारचं एक जुनं चर्च पुढचे अनेक महिने थकलेल्या कामगारांचं जेवणघर आणि झोपायची जागा बनलं. लोहार, वेल्डर, परिचारिका, स्वयंपाकी, दूरच्या गावांतले हौशी अग्निशामक, असे कोणीही न बोलावता आले. पुढे सेवादिनाच्या प्रत्येक भाषणात ज्या ‘१२ सप्टेंबरच्या भावने’चा उल्लेख येऊ लागला, ती हीच.

पैशाचा ओघही मोठा होता, आणि इथेच पहिली ठिणगी पडली. देशातल्या सर्वांत मोठ्या मदतसंस्थेकडे या हल्ल्यासाठी ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातला काही भाग पुढच्या आपत्तींसाठी राखून ठेवायचं संस्थेनं ठरवलं. लोक खवळले, संसदेत सुनावणी झाली, संस्थेच्या प्रमुख पायउतार झाल्या आणि सगळी रक्कम पीडितांसाठीच वापरण्याचं जाहीर करावं लागलं. लोकांनी ज्यांच्यासाठी दिलं ते त्यांनाच मिळावं, हा आग्रह तेव्हापासूनचा. सेवादिनावरच्या आक्षेपाचं बीजही मला याच घटनेत दिसतं: या तारखेच्या नावानं गोळा झालेली सद्भावना नेमकी कोणाकडे जाते?

कायद्यानं पहिलं नाव दिलं ते ‘पेट्रियट डे’. १८ डिसेंबर २००१ रोजी त्यावर सही झाली; संसदेत एकही विरोधी मत पडलं नव्हतं. ध्वज अर्ध्यावर, एक मिनिट स्तब्धता, सार्वजनिक सुट्टी नाही. नावाचा मात्र घोळ झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये एप्रिलात याच नावाचा जुना सण आहे, आणि पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारा जो वादग्रस्त कायदा ऑक्टोबर २००१ मध्ये झाला त्याचंही नाव तेच. त्यामुळे शोकाचा दिवस आणि पाळतीचा कायदा लोकांच्या डोक्यात एकत्र चिकटले. पुष्कळ कुटुंबांनी हे नाव कधी मनापासून वापरलंच नाही.

सेवेची कल्पना याच सुमारास आली, आणि ती सरकारनं काढलेली नाही. २००९ च्या वादात हे बहुतेकांनी सोयीनं विसरलं, म्हणून इथे ठळकपणे सांगतो. न्यूयॉर्कमधल्या दोन मित्रांनी ती मांडली. त्यांपैकी एकाचा भाऊ वकील होता, स्वयंसेवी अग्निशामक म्हणूनही त्यानं काम केलं होतं. त्या सकाळी तो जवळच्या कार्यालयातून मनोऱ्यांकडे मदतीला धावला आणि दक्षिण मनोऱ्याखाली गाडला गेला. सुरुवातीची हाक साधी होती: दर ११ सप्टेंबरला एका दिवसाचा पगार किंवा एका दिवसाचं काम द्या. आपल्याकडे आपत्तीनंतर सरकारी कर्मचारी एक दिवसाचं वेतन मदतनिधीला देतात, तसंच हे. फक्त दरवर्षी, आणि देणाऱ्यानं स्वतः निवडलेल्या कामासाठी. पुढे ही हाक आणखी सैल झाली आणि कोणतंही एक सत्कृत्य चालेल असं ठरलं.

या मंडळींनी सुट्टी मागितली नाही, हे त्यांचं शहाणपण. सुट्टीचं काय होतं ते त्यांच्यासमोर होतं. युद्धात पडलेल्या सैनिकांचा मे महिन्यातला स्मृतिदिन १९७१ पासून लांब शनिवार-रविवार मिळावा म्हणून सोमवारी सरकवला गेला. आज त्या दिवशी गाद्यांचे सेल आणि मागच्या अंगणातल्या मेजवान्या असतात. नोव्हेंबरमधला माजी सैनिक दिनही असाच सरकवला होता, पण लोकांना तो पटला नाही आणि १९७८ मध्ये तो मूळच्या ११ नोव्हेंबरला परत आणावा लागला. ११ सप्टेंबरची तारीख कोणी सोमवारी ढकलू नये, तिच्यावर सवलतीच्या जाहिराती येऊ नयेत, यासाठी या कुटुंबांना सेवा हवी होती. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं सेवा ही स्मरणाची राखण होती.

एप्रिल २००९ मध्ये स्वयंसेवेचा मोठा कायदा झाला. आजारी असलेल्या एका ज्येष्ठ सिनेटरांचं नाव त्याला दिलं होतं. ऑगस्टमध्ये ते वारले. प्रतिनिधिगृहात २७५ विरुद्ध १४९ आणि सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १९ अशी मतं पडली, म्हणजे विरोध होता, पण तो मुख्यतः खर्चाला आणि सरकारी पसाऱ्याला. केंद्राच्या स्वयंसेवक योजनेतल्या जागा ७५ हजारांवरून अडीच लाखांवर न्यायचं त्यात लिहिलं होतं. तितका पैसा नंतर कधीच मंजूर झाला नाही. याच लांबलचक कायद्यात ११ सप्टेंबरला ‘सेवा आणि स्मरणाचा राष्ट्रीय दिवस’ ठरवणारं छोटं कलम होतं. वसंतात ते कोणाच्या डोळ्यांत खुपलं नाही. भडका उडाला ऑगस्टमध्ये, आरोग्यविम्याच्या विधेयकावरून गावोगावच्या सभांत आरडाओरड चालू असताना.

टीकाकारांचं म्हणणं थोडक्यात असं: हा युद्धाच्या आठवणीचा, सावधपणाचा दिवस आहे, नवं सरकार तो बागकाम, भिंती रंगवणं आणि वीजबचतीचा दिवस करून त्याची धार बोथट करत आहे. काहींनी याला सरळ दिवसाची चोरी म्हटलं. यातला राजकीय भाग बाजूला ठेवला पाहिजे, कारण तो खोटा होता. मागणी कुटुंबांची होती, ती आधीच्या सरकारच्या काळात सात वर्षं चालू होती, आणि तिला दोन्ही पक्षांतून पाठिंबा मिळत होता. स्तब्धता, नावांचं वाचन, घंटा यांतलं काहीही कायद्यानं काढून घेतलं नव्हतं. ‘पेट्रियट डे’सुद्धा रद्द झाला नाही, २००९ पासून राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक घोषणेत दोन्ही नावं शेजारी शेजारी येऊ लागली.

पण आक्षेप घेणाऱ्या काही कुटुंबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते या गदारोळात बुडालं. न्यूयॉर्कमध्ये गेलेल्या २,७५३ पैकी सुमारे १,१०० जणांच्या अवशेषांची ओळख आजवर पटलेली नाही. पुरायला काही मिळालं नाही अशा घरांसाठी ११ सप्टेंबरची सकाळ हाच अंत्यविधी आहे, आणि तो दरवर्षी करावा लागतो. त्या सकाळी देशातल्या दुसऱ्या टोकाला शाळकरी मुलं एकसारखे टी-शर्ट घालून हसतमुखानं पाकिटं भरताना टीव्हीवर दिसली, तर त्यांना बोचणारच. त्यांची भीती होती की वीस वर्षांनी मुलांना काम आठवेल, त्यामागचं कारण आठवणार नाही. ही भीती अनाठायी नव्हती. आज अमेरिकेतल्या कोणत्याही शाळेत २००१ नंतर जन्मलेली मुलंच आहेत, आणि सेवादिनाच्या अनेक उपक्रमांत तो दिवस कशाचा आहे हे सांगायला पाच मिनिटंही दिली जात नाहीत.

माझं मत असं की सेवादिन ठेवावा. दोन्ही गोष्टी एका तारखेला नांदू शकतात याचा दाखला आपल्याकडेच आहे. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता असते आणि त्याच दिवशी कुष्ठरोग निर्मूलनाची मोहीम सुरू होते, ग्रामसभांत शपथ घेतली जाते. गांधीजींनी कुष्ठरुग्णांची सेवा स्वतःच्या हातानं केली होती, म्हणून ती जोड उपरी वाटत नाही. पवनारला धाम नदीत त्यांच्या अस्थी विसर्जित झाल्या त्या १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळा भरतो आणि लोक हातानं कातलेली सूतगुंडी वाहतात. कामाचं नातं माणसाशी असलं की स्मरण आपोआप टिकतं. ११ सप्टेंबरच्या सेवेत नेमकं हे नातं सैल राहिलं. कोणतंही सत्कृत्य चालेल म्हटल्यावर अन्नाची पाकिटं भरणं, उद्यान झाडणं, सैनिकांना पत्रं लिहिणं हे सगळं त्यात आलं. सगळंच चांगलं आहे. पण या दिवसाशी ज्यांचा थेट संबंध होता ते जिवंत लोक त्यात कुठेच नव्हते.

ते लोक म्हणजे ढिगाऱ्यावर राबलेले. २००१ च्या सप्टेंबरात, हल्ल्याला आठवडा होत असताना, केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या प्रमुखांनी तिथली हवा श्वासाला सुरक्षित असल्याचं जाहीर केलं. असं विधान करण्याइतकी माहिती तेव्हा हातात नव्हती, हे त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनी २००३ मध्ये लिहून ठेवलं. तोवर काम संपलं होतं. सिमेंट, काच, ॲस्बेस्टॉसची धूळ महिनोन्‌महिने छातीत भरलेल्या माणसांना खोकला, दमा, पुढे कर्करोग होऊ लागले. पगारी जवानांची निदान हजेरी तरी लागलेली होती. न बोलावता आलेल्या स्वयंसेवकाकडे कागद नव्हता. तिथे आपण होतो हे सिद्ध करायला सोबत राबलेल्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करत फिरावं लागलं. ज्यांच्या ‘भावने’वर सेवादिन उभा आहे, त्यांनाच आपल्या सेवेचा पुरावा मागितला गेला.

सेवादिनाचं कलम २००९ मध्ये मंजूर झालं तेव्हा या रुग्णांच्या उपचारांचं विधेयक अनेक वर्षं रखडलेलं होतं. ते डिसेंबर २०१० मध्ये सिनेटमध्ये पुन्हा अडलं, ओरड झाली, आणि २ जानेवारी २०११ रोजी कायदा झाला, तोही पाच वर्षांपुरता. सुरुवातीला त्यात कर्करोगांचा समावेश नव्हता. तो २०१२ मध्ये झाला. २०१५ मध्ये उपचारांची मुदत २०९० पर्यंत वाढली, भरपाईच्या निधीसाठी मात्र २०१९ उजाडावं लागलं. त्या जूनमध्ये मरणपंथाला लागलेल्या एका निवृत्त पोलीस गुप्तहेरानं संसदेच्या समितीसमोर साक्ष दिली आणि महिना संपण्याआधी तो गेला. जुलैत सिनेटमध्ये ९७ विरुद्ध २ मतांनी विधेयक पार पडलं. आरोग्य कार्यक्रमात आज एक लाखाहून अधिक लोक नोंदलेले आहेत, त्यांत स्वयंसेवकही आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये नंतरच्या आजारांनी मेलेल्या न्यूयॉर्कच्या अग्निशमन जवानांचा आकडा ३४३ झाला, म्हणजे त्या एका दिवशी मेलेल्यांइतकाच.

सेवादिन मागणाऱ्या कुटुंबांवर याचा दोष येत नाही. पण दोन कायद्यांचा प्रवास शेजारी ठेवून पाहिला की कळतं, सरकारला कोणता सोपा गेला. एका दिवसाच्या सेवेचं आवाहन करायला घोषणा पुरते, आधीच झालेल्या सेवेची जबाबदारी घ्यायला अब्जावधी डॉलर लागतात. २००९ च्या वादात दोन्ही बाजूंनी शोक आणि सेवा यांतच ओढाताण केली, झालेल्या सेवेच्या जबाबदारीचा हा तिसरा मुद्दा कोणी मांडलाच नाही.

एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही धागे एकत्र आले. ज्या केंद्रीय संस्थेवर ११ सप्टेंबरच्या सेवाकार्याला मदत करण्याची जबाबदारी आहे, तिची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं रद्द झाली आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं गेलं. त्याच महिन्यात ढिगाऱ्यावरच्या रुग्णांचा आरोग्य कार्यक्रम सांभाळणाऱ्या विभागातही कपात झाली; कुटुंबं आणि लोकप्रतिनिधी आवाज उठवू लागल्यावर काही जणांना परत घेतलं. सेवादिनाचं नाव कायद्यात जसंच्या तसं आहे. पंचविसावा स्मृतिदिन ११ सप्टेंबर २०२६ चा.