यंत्र जोडीदार वाटणे

ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्रणेकडे माणूस साधन म्हणून न पाहता कामातला जोडीदार म्हणून पाहू लागतो, ती मानसिक प्रक्रिया. मानसशास्त्र, विमानविद्या आणि रोबोशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत तिचा अभ्यास होतो.

या विषयाचा पाया घालणारा प्रयोग क्लिफर्ड नॅस, बी. जे. फॉग आणि यंगमी मून यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. वाळवंटात अडकल्यावर कोणती वस्तू किती महत्त्वाची, याचा क्रम संगणकाच्या साथीने लावायचा होता. काहींना सांगितले, तुम्ही आणि हा संगणक मिळून निळा संघ. काहींना सांगितले, तुमचे दोघांचे मूल्यमापन एकत्रच होईल. ज्यांचा निकाल संगणकाशी बांधलेला होता त्यांना तो आपल्यासारखा वाटला, त्याची माहिती अधिक चांगली वाटली आणि आपला क्रमही त्यांनी त्याच्याकडे झुकवला. मेख अशी, की नुसत्या निळ्या रंगाने हे साधले नाही.

नावानेही साधत नाही. बॉम्ब निकामी करणाऱ्या २३ अमेरिकी सैनिकांच्या मुलाखती जूली कारपेंटर यांनी घेतल्या (२०१३). हे सैनिक रोबोला नटनट्यांची, बायकोची किंवा प्रेयसीची नावे देत. माजी प्रेयसीचे मात्र कधीच नाही. कोणी ते नाव रोबोच्या अंगावर रंगवूनही घेई. रोबो उद्ध्वस्त झाला की वाईट वाटे, तरी विचारल्यावर उत्तर एकच : ते साधन आहे. हा जिव्हाळा झाला, जोडीदारी नव्हे. शिवाय हे रोबो माणूस दुरून चालवतो, ते स्वतः निर्णय घेत नाहीत.

खरा नमुना एफ-१६ या लढाऊ विमानातला. जमिनीवरची धडक टाळणारी स्वयंचलित यंत्रणा अमेरिकी हवाई दलात २०१४ पासून आहे. तिच्या रचनेत प्राधान्यक्रम ठरलेला : आधी अपाय करू नको, मग वैमानिकाच्या आड येऊ नको, धडक टाळणे त्यानंतर. समोरच्या पडद्यावर दोन बाणाग्रे एकमेकांकडे सरकतात. टोके भिडली की यंत्रणा विमान सरळ करून वर खेचते आणि ताबा परत देते. २०१६ मध्ये ॲरिझोनावर एका शिकाऊ वैमानिकाची शुद्ध हरपली, प्रशिक्षक रेडिओवर ओरडत राहिला; विमान सावरले ते यंत्रणेने. असे जीव वाचत गेले तसा वैमानिकांचा विश्वास वाढला. एरवी गप्प राहणे हाही त्या यंत्रणेचा गुणच म्हणायला हवा. सतत मधे तोंड घालणारा सोबती कोणाला आवडतो?

विश्वास फाजील झाला तर उलटतो. मार्च २००३ मध्ये पॅट्रियट या अमेरिकी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने ब्रिटिश टोर्नेडो विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले, यंत्रणा चालवणाऱ्या सैनिकांनी ते मानले आणि विमानातले दोघेही मारले गेले. बेन श्नायडरमन यांच्यासारखे संगणकतज्ज्ञ म्हणूनच ‘जोडीदार’ हा शब्दच नाकारतात : जबाबदारी माणसाची, यंत्र हे साधन. गंमत अशी, की खुद्द नॅस यांनी व्हिक्टोरिया ग्रूम यांच्यासह २००७ मध्ये लिहिलेल्या लेखात रोबो जोडीदार म्हणून कमीच पडतात, असे मांडले. त्यांच्या मते माणसाची नक्कल करण्यापेक्षा माणसाला जे जमत नाही ते रोबोकडे सोपवावे.