नव्या गाडीचे ब्रेकपॅड आणि घाटाचा हिशेब

नव्या गाडीच्या मालकाला ब्रेकपॅडची पहिली आठवण होते ती अलॉय व्हीलमुळे. दसऱ्याला गाडी घरी येते आणि दिवाळीच्या आत पुढच्या दोन चाकांवर काळपट भुकटी बसायला लागते. मागची चाकं त्या मानाने स्वच्छ. पुसून काढली तरी आठ दिवसांत पुन्हा तेच. त्यात एखाद्या दिवशी सकाळी रिव्हर्स घेताना चाकातून किंचाळल्यासारखा आवाज आला, की माणूस जळगावच्या अजिंठा चौफुलीकडे नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडकडे वळतो. स्पेअरपार्टच्या काउंटरवर सल्ला तयारच असतो : "भाऊ, कंपनीचे पॅड म्हणजे नुसती धूळ. सिरॅमिक टाकून घ्या. पाय ठेवला की गाडी जागेवर थांबते का नाही बघा."

धुळीबद्दल तो काही खोटं सांगत नाही. 'जागेवर थांबते' हे मात्र तपासून घ्यायला हवं.

गाडी शेवटी थांबवतो तो टायर. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पकडतात, चाकाची गती कमी होते, आणि रस्त्याला धरून ठेवण्याचं काम टायरचं रबर करतं. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ताशी १०० किमी वेगातली गाडी पूर्ण जोर लावून थांबवली तरी साधारण ५० मीटर जातातच. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एखादा सेकंद धरला तर आणखी २८ मीटर. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. पेडल जोरात दाबल्यावर पायाखाली धडधड जाणवली, म्हणजे एबीएस जागं झालं, तर समजायचं की कंपनीचे पॅड टायरच्या पकडीपेक्षा जास्त जोर लावू शकतात. त्याहून कडक पॅड बसवून त्या एका थांबण्यातलं अंतर कमी होत नाही. नवा पॅड 'पाय ठेवताच पकडतो' तेव्हा आपल्याला जाणवतो तो पेडलचा फरक. कमी दाबात जास्त पकड मिळते आणि ड्रायव्हर खूश होतो. अंतर कमी करायचं असेल तर तोच पैसा टायरवर खर्च करावा.

मग चांगला पॅड आणि साधा पॅड यांत फरक कुठे पडतो? उष्णतेत.

गाडी, चार माणसं आणि डिकीतलं सामान मिळून १४०० किलो वजन धरू. ताशी १०० किमी वेगाला या वजनात सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा असते. ब्रेक मारला की ही ऊर्जा जवळजवळ सगळी उष्णता बनून डिस्क आणि पॅडमध्ये उतरते. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाण्याला उकळी फुटेल. ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणून या उष्णतेचा ७० टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या दोन चाकांकडे जातो. काळी भुकटी पुढच्या चाकांवर जास्त दिसते त्याचं कारणही हेच. पुढची एक डिस्क ५ किलोची धरली तर एका कडक ब्रेकमध्ये ती ७५ अंशांनी तापते. सपाट रस्त्यावर पुढचा ब्रेक लागेपर्यंत ती वाऱ्याने निवते आणि विषय संपतो.

घाटात तो संपत नाही. याच गाडीने १०० मीटर उंची उतरली की ताशी १०० च्या वेगावरून अडीच वेळा थांबण्याइतकी ऊर्जा मोकळी होते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला येताना अडीच-तीनशे मीटर उतार पडतो. तोरणमाळचं पठार समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आणि शहादा २०० मीटरच्या खाली. म्हणजे सातपायरीचा घाट उतरून शहाद्याला पोचेपर्यंत वीसपेक्षा जास्त वेळा १०० वरून शून्यावर आल्याइतका हिशेब होतो. त्यातला काही भाग हवा आणि टायर खातात. बराचसा भाग इंजिन खाऊ शकतं, पण गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तरच. न्यूट्रल टाकून 'पेट्रोल वाचवत' उतरणाऱ्याची उरलेली सगळी उष्णता चार चाकांत जाते, आणि हल्लीच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंधन बंदच असतं, त्यामुळे वाचतही काही नाही. अशा वेळी डिस्क तीनशे-चारशे अंशांवर जायला फार वेळ लागत नाही.

भुसावळच्या ४५ अंशांत ब्रेक लवकर तापत असतील, असं अनेकांना वाटतं. हवा २५ अंशांची असो की ४५ ची, तीनशे अंशांवरच्या डिस्कला त्या वीस अंशांचं फारसं काही वाटत नाही. खानदेशात ब्रेकला खरा त्रास मे महिन्यापेक्षा जुलैत होतो. त्याकडे पुढे येतोच.

आता पॅड हातात घेऊन बघा. मागे पोलादी पाटी, तिच्यावर रबर आणि पत्र्याच्या थरांची पातळ शिम, समोर दहा-बारा मिलिमीटर जाडीचा, डिस्कवर घासणाऱ्या मसाल्याचा करडा-काळा थर. त्या थराच्या मध्ये एक खाच, दोन्ही कडा तिरक्या घासलेल्या. काही पॅडना बाजूला वाकवलेली पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून मुद्दाम कर्कश आवाज करते. यातली एकही गोष्ट शोभेची नाही. ब्रेक लागताना पॅड आणि डिस्क थरथरतात, ती थरथर सेकंदाला काही हजार वेळा व्हायला लागली की कानाला किंचाळी ऐकू येते, आणि खाच, तिरक्या कडा व शिम हे सगळं ती थरथर मोडण्यासाठी असतं. स्वस्त पॅडमध्ये पहिली काटछाट होते ती शिमची, आणि मग ग्राहक 'आवाज करतो' म्हणून मसाल्याला दोष देतो. सकाळच्या पहिल्या ब्रेकचा आवाज निराळा. रात्रीच्या दमटपणाने बिडाच्या डिस्कवर गंजाचा पातळ पापुद्रा येतो, तो दोन-तीन ब्रेकमध्ये घासून जातो. त्यासाठी पॅड बदलणं म्हणजे नुसता खर्च.

तो करडा थर म्हणजे दहा-वीस, कधी त्याहून जास्त पदार्थांचं मिश्रण. सगळं बांधून ठेवायला फिनॉलिक रेझिन, ताकदीसाठी पोलादाचे किंवा अरामिडचे तंतू, घासायला अॅल्युमिनासारखी कठीण पूड, ती पूड डिस्क खाऊ नये म्हणून ग्रॅफाइट, भर घालायला बराइट. आणि काजू! काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलाचं रेझिन करून, ते घट्ट करून दळतात आणि ती भुकटी पॅडमध्ये घालतात. ती थोडी लवचीक असते, त्यामुळे आवाज कमी होतो आणि ब्रेक मऊ लागतो. कोकणातला माणूस टरफल चिकानं हात पोळतो म्हणून लांब ठेवतो, आणि आपण त्याच्या भरवशावर घाट उतरतो.

बाहेरचे पॅड टाकून घेण्याची हौसही जुनीच आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेत चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांनी ब्रेकचं अस्तर बनवायचा धंदाच सुरू केला. त्यांच्या ब्रँडचं फेरोडो हे नाव त्यांच्याच आडनावाची अक्षरं फिरवून आणि त्यात एक 'ई' घालून आलेलं. नंतर कित्येक दशकं अॅस्बेस्टॉस हा या अस्तरांचा राजा होता. फुप्फुसाचे आजार उघड झाले तसा तो गाड्यांतून हटत गेला. गॅरेजमध्ये चाक काढून हवेच्या पाइपने ब्रेकची धूळ उडवायची सवय मात्र गेली नाही. त्या वेळी जवळ उभं राहू नये. आजच्या बहुतेक पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस नसला तरी ती बारीक धूळ श्वासात घेण्याजोगी नक्कीच नाही. युरोपात तर ब्रेकच्या धुळीवरही आता मर्यादा येते आहे : बहुतेक नव्या कारना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम.

पॅड घाटात हरतो तो दोन वाटांनी. पहिली वाट रेझिनची. तीनशे अंशांच्या पुढे रेझिन विघटित व्हायला लागतं, त्यातून वायू सुटतो, पॅड आणि डिस्कच्या मध्ये त्याचा पातळ थर अडकतो आणि पकड सुटते. पेडल दगडासारखं घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. अगदी कोऱ्या पॅडमध्ये हा वायू पहिल्याच कडक तापण्यात जास्त सुटतो. म्हणून पॅड बदलून त्याच दिवशी तोरणमाळ गाठणं शहाणपणाचं नाही.

दुसरी वाट ब्रेक ऑइलची, आणि इथे जुलै येतो. पायाचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरलेल्या त्याच ऑइलसाठी मानकात किमान १५५ अंश एवढंच मागितलेलं असतं. डॉट-३ चे आकडे २०५ आणि १४०. दोन-तीन पावसाळे न बदललेलं ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल फुसकन खाली बसतं. यात पॅडचा हात असा, की तो डिस्क आणि ऑइल यांच्यामधला उष्णतेचा बांध असतो. पोलादाचं प्रमाण जास्त असलेला 'सेमी-मेटॅलिक' पॅड स्वतः उष्णता छान सोसतो, पण तीच उष्णता मागे कॅलिपरकडेही लवकर पोचवतो. हौसेने रेसिंग छापाचे पॅड टाकून तीन वर्षं जुनं ऑइल तसंच ठेवणाऱ्याने एक वाट बंद करून दुसरी रुंद केलेली असते.

एकूण प्रकारांचं थोडक्यात सांगायचं तर सेमी-मेटॅलिक उष्णतेला दणकट, थंडीत जरा उशिरा पकडणारा, जास्त आवाजाचा, डिस्क जास्त खाणारा. ऑरगॅनिक (धातू कमी असलेला) शांत, मऊ, पण फार तापवला तर लवकर दम टाकणारा. सिरॅमिक शांत, त्याची धूळ कमी आणि फिक्या रंगाची, म्हणून अलॉयवर दिसत नाही. शहरात फिरणाऱ्या हॅचबॅकला तो गैर नाही, फक्त 'सिरॅमिक' या शब्दाखाली बाजारात काहीही विकलं जातं.

मग ओळखायचं कसं? काही पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाचा घर्षणांक, म्हणजे पकडीचा आकडा, सांगतं, दुसरं तापल्यानंतरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफई' दिसलं तर तो पॅड तापल्यावर सैल पडतो, 'एफएफ' असेल तर टिकून राहतो. पण ही चाचणी एक इंच चौरसाच्या तुकड्यावर होते, तुमच्या गाडीवर नाही, त्यामुळे त्यावरून सगळं ठरवू नये. युरोपचा आर-९० हा नियम जास्त उपयोगाचा. त्यात बदली पॅड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत वागला पाहिजे. कमी पकड चालत नाही, तशी जास्तही चालत नाही. जास्त का नको? आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि पुढे-मागे किती जोर जावा याचं गणित कंपनीने मूळ पॅडवर बसवलेलं असतं. नुसते पुढचेच पॅड एकदम बदलल्या स्वभावाचे टाकले तर ते गणित हलतं, मग सावरण्याचं काम एबीएसवर पडतं.

बाहेरचा पॅड म्हणजे वाईट, असा याचा अर्थ नाही. कार कंपन्या पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत, पुरवठादाराकडून घेतात. तोच पुरवठादार स्वतःच्या खोक्यात तेच किंवा जवळपास तसेच पॅड कमी किमतीत विकतो. भीती आहे ती डुप्लिकेटची, कंपनीच्या खोक्यात भरलेल्या निनावी मालाची. अनोळखी काउंटरवर बिलाशिवाय मिळणारा 'ओरिजनल' घेऊ नये, एवढं पुरे. माझं मत विचाराल तर नव्या गाडीचे पॅड तीन-चार मिलिमीटरवर येईपर्यंत तसेच चालवावेत, चाकं पुसावीत, आणि तोवर वाचलेल्या पैशात दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं. वॉरंटीत बाहेरच्या पार्टमुळे झालेलं नुकसान कंपनी नाकारू शकते, तोही मुद्दा आहेच.

बदलायची वेळ आलीच, तर फिटिंगपाशी उभं राहा. कॅलिपरच्या पिना साफ करून योग्य ग्रीस लागलं का, जुन्या शिमा भंगारात गेल्या की नव्या बसल्या, हे बघा. पिन जाम असेल तर एका बाजूचा पॅड आधी संपतो आणि गाडी एका अंगाला ओढते. मिस्त्री नव्या पॅडवर पॉलिश पेपर मारतो, त्याने चकाकी निघते, पण पॅड आणि डिस्क एकमेकांत बसण्याचं खरं काम रस्त्यावर होतं. मोकळा रस्ता बघून ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, दर दोन ब्रेकमध्ये गाडी थोडी पळू द्यायची, आणि तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही. यात पॅडच्या मसाल्याचा अगदी पातळ, सारखा थर डिस्कवर चढतो, आणि पुढची पकड बरीचशी त्या थराशी होते. तो डागाडागाने चढला तर काही दिवसांनी ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक म्हणतात डिस्क वाकली.

या सगळ्याच्या आधी आणखी एक काम. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा दाबलेलं पेडल थेट तळाला जातं. गाडी गॅरेजच्या दारातून हलवण्यापूर्वी, जागेवरच, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबून घ्यायचं.