मिश्र संगीत

मंचावर प्रत्यक्ष वाजणारी वाद्ये आणि ध्वनिक्षेपकांतून येणारा इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांना एकाच रचनेत बरोबरीचे स्थान देणारा पाश्चात्त्य संगीतप्रकार. वादक बहुधा मोजकेच असल्याने तो कक्षसंगीताच्या परंपरेत मोडतो. वाद्यांचा आवाज केवळ मोठा करण्यासाठी यंत्रणा वापरलेल्या मैफली यात धरत नाहीत.

या प्रकारातील पहिली रचना कोणती, याविषयी मतभेद आहेत. इटालियन संगीतकार ओतोरिनो रेस्पीगीने १९२४ साली वाद्यवृंदात नाइटिंगेल पक्ष्याच्या गाण्याची तबकडी वाजवली. परंतु तेथे ध्वनिमुद्रण निसर्गचित्रापुरतेच आहे. अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या १९३९ मधील ‘इमॅजिनरी लँडस्केप क्र. १’चा दावा अधिक बळकट आहे. सिअ‍ॅटल येथे सादर झालेल्या या रचनेत पियानो व मोठी चिनी झांज यांच्या जोडीला दोन ग्रामोफोन आहेत. यंत्रे तपासण्यासाठी स्वर मुद्रित केलेल्या तबकड्यांची गती बदलून त्यांतून चढते-उतरते स्वर काढले जातात. येथे यंत्र हेच वाद्य झाले आहे. तरीही ध्वनिफितीशी संवाद साधणारी रचना, असा काटेकोर अर्थ घेतल्यास ब्रुनो मादेर्नाच्या ‘म्युझिका सू दुए दिमेन्सिओनी’ (१९५२) या बासरी, तालवाद्य व ध्वनिफितीसाठीच्या कृतीकडे अग्रक्रम जातो, आणि हेच मत ग्राह्य वाटते. एडगार व्हारेजच्या ‘देझेर’चा उल्लेख पुष्कळदा आरंभबिंदू म्हणून होतो. पॅरिसमध्ये २ डिसेंबर १९५४ रोजी मोट्सार्ट आणि चायकोव्हस्की यांच्या रचनांच्या मध्ये ती वाजली आणि सभागृहात गदारोळ झाला. मात्र तिच्यात वाद्ये व फीत आळीपाळीने येतात, एकत्र वाजत नाहीत.

खरा पेच लयीचा आहे. तबलजी गायकासाठी थांबू शकतो. फीत थांबत नाही. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनच्या ‘कोंटाक्टे’मध्ये (कोलोन, १९६०) पियानोवादक व तालवादक यांच्या स्वरलिपीत फितीवरील ध्वनींचे रेखाचित्रच काढलेले आहे. ते पाहत आणि कान देऊन वादक आपला आघात फितीशी जुळवतात. तालवाद्ये धातू, कातडे व लाकूड अशी निवडली आहेत, जेणेकरून इलेक्ट्रॉनिक ध्वनी त्यांच्या इतका जवळ यावा की क्षणभर उगम कळू नये. तो क्षण अनुभवण्यासाठी ही रचना सभागृहात, चारही बाजूंच्या ध्वनिक्षेपकांच्या मधोमध बसूनच ऐकावी.

पुढे यंत्रानेच वादकाच्या मागे जावे, असा प्रयत्न सुरू झाला. पॅरिसच्या ‘इर्काम’ या संगीत-संशोधन संस्थेत पिएर बूलेझने ‘रेपाँ’ (पहिले सादरीकरण १९८१) रचली. तिच्यात २४ वादकांचा मेळ मध्यभागी, त्याभोवती श्रोते आणि कडेला सहा एकल वादक असतात. त्या सहांचेच स्वर संगणक तत्क्षणी बदलून दालनात फिरवतो. स्वरलिपीचा मागोवा घेणारी संगणकप्रणाली १९८४ पासून पुढे आली. संगणक वादकाचे स्वर ओळखतो, लिखित संहितेशी ताडतो आणि नेमक्या जागी आपला ध्वनी सोडतो. फिलिप मानुरीची बासरीसाठीची ‘ज्युपिटर’ (१९८७) हे तिचे प्रारंभीचे उदाहरण होय.

२००३ साली लंडन सिन्फोनिएटा या वाद्यवृंदाने वॉर्प या ध्वनिमुद्रण कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक कलाकारांचे संगीत केज व व्हारेज यांच्या रचनांसोबत मांडले.

भारताचा संबंध ‘कोंटाक्टे’च्या पहिल्या पियानोवादकामुळे येतो. डेव्हिड ट्यूडर याने १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर या विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या यंत्रासह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई व इतर काहींनी तेथे ध्वनिफितींवर रचना केल्या.