पणजोबांची नोंद सापडली, पण ती पणजोबांचीच कशावरून?

जातीच्या दाखल्यासाठी जोडलेली जुनी नोंद अस्सल असूनही अर्ज त्रुटी काढून परत येतो, तेव्हा अडचण बहुधा कागदात नसते, तर त्या कागदावरील माणूस आणि अर्जदार यांच्यातील नाते सिद्ध न होण्यात असते.

पहिली चूक मानीव दिनांक, म्हणजे कुटुंबाचे मूळ वास्तव्य ज्या दिवशी पाहिले जाते तो दिनांक, वाचताना होते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा दिनांक धरला जातो. ही अर्जाची मुदत नव्हे. त्या दिवशी कुटुंबाचे वास्तव्य जेथे होते, तेथील प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अर्ज करायचा असतो. म्हणजे आज आपण पुण्यात राहत असलो तरी आजोबा तेव्हा वाई तालुक्यात असतील, तर पुण्यात घातलेले हेलपाटे वायाच जातात.

शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मिळाला तर उत्तमच. परंतु पणजोबा शाळेत गेलेच नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजेच गावातील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही असलेले कोतवाल बुक, पाहावे लागते. तेथे जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसते, कारण बारसे व्हायचे असते. ‘राघू बिन धोंडू (म्हणजे धोंडूचा मुलगा राघू) यास मुलगा’ एवढ्यावर काम भागवलेले असते, आणि आडनावाचा तर पत्ताच नसतो. म्हणून मृत्यूची नोंदही अवश्य शोधावी, कारण मृताचे नाव तेथे लिहिलेले असते. नोंद मोडीत असल्यास जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे आणि नक्कल प्रमाणितच मागावी. मोबाइलवर काढलेला फोटो कोणी ग्राह्य धरत नाही, हे खिडकीवर कोणी आधी सांगतही नाही.

राघू ते आपण ही साखळी जोडण्यासाठी वंशावळीचे शपथपत्र लागतेच, पण केवळ त्यावर भागत नाही. वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर झाल्याची नोंद, काढावा: त्यात मयत खातेदार आणि त्याची मुले एकाच नोंदीत सापडतात. राघू, रघू आणि रघुनाथ हे एकच असल्यास तसे शपथपत्रात स्पष्ट लिहावे. मूळ कागदावर पेन मात्र चालवू नये, कारण खाडाखोड दिसताच खरी नोंदही संशयास्पद ठरते.